रजिस्ट्रीत राहिलेली मंगली

१

चोरीचा माल खांद्यावर घेऊन चोर स्वतःच माझ्या दुकानात आला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी एका प्रिंटरशी भांडत होते.

आरमोरीच्या बसस्टँडमागं माझं दुकान आहे. रिना डोंगरे, कॉम्प्युटर दुरुस्ती. अठरा वर्षं झाली. लोक बिघडलेलं यंत्र आणतात आणि सोबत बिघाडाचं कारणही घरून घेऊन येतात. ते कारण जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. त्यामुळं माझा स्वभाव तिखट झालाय, असं नवरा म्हणतो. आधी कसा होता ते मात्र त्याला सांगता येत नाही.

चोर पासष्टीचा असेल. डोक्याला दुपट्टा, पायात धुळीनं भरलेल्या चपला, आणि खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेला सीपीयू. वायरी पाठीवर लोंबत होत्या. वैरागडच्या पुढं जंगलात एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथून तो पहिल्या बसनं आला होता.

"जोहार, बाई," तो म्हणाला. "मी कोलू मडावी. ह्या डब्ब्यात माही मंगली होती. आता नाई. कोनं काढली ते पाहून द्या. अन् अजून आत कुठी असंल तं थेबी."

मी प्रिंटर सोडला.

मंगली म्हणजे त्याची बायको. दोन वर्षांमागं तापानं गेली. ती जायच्या आधीच्या वर्षी त्यांच्या पोरीनं, करिश्मानं, गावातल्या म्हाताऱ्या बायांना ग्रामसभेच्या ऑफिसात बसवून बोलतं केलं होतं. कोणता कंद कधी खणायचा, कोणती साल कशाला लागते, सगळं गोंडीत. गावाच्या जंगलाची नोंदवही करायची होती. बाकीच्यांचं वहीत उतरवून झालं; मंगली सगळ्यात जास्त बोलली, तिचं रेकॉर्डिंग तेवढं कॉम्प्युटरात राहिलं. ती गेल्यावर कोलूभाऊ दर बाजाराच्या दिवशी ऑफिसात जाऊन तिचा आवाज ऐकायचे. त्या दिवशी गाव बाजाराला जातं, ऑफिसात कॉम्प्युटरवाल्या पोराशिवाय कोणी नसतं.

"पडद्यावर ढोलाचं चित्र राहे," ते म्हणाले. "अंकुश त्याच्यावर टक करे, का मंगली बोले. मागच्या बाजारी गेलो तं ढोलच नाई. मंगलीबी नाई. अन् हा पोट्टा म्हणते, उद्या सगळा डब्बा धुऊन टाकतो."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि तो पोट्टा आत आला. तिशीचा, घामाघूम, ग्रामसभेचा कॉम्प्युटर चालवणारा अंकुश.

"मामा, ऑफिसच्या दाराचा कोंडा काढून डब्बा आनला तुम्ही?" तो म्हणाला. "अध्यक्ष सुकलूभाऊ पोलिसात जातो म्हणून राह्यले."

कोलूभाऊंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते माझ्याकडं पाहत होते.

२

अंकुशला मी पाणी दिलं आणि स्टूलवर बसवलं. माणूस वाईट नव्हता. फक्त इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून शहाणा झालेला होता, आणि हा रोग मला चांगला ओळखता येतो.

"काऊन धुवायचाय डब्बा?" मी विचारलं.

"लय हळू झाला, बाई. चालू व्हायले सात-सात मिनिटं. जंगलाचा नकाशा उघडता उघडता चहा पिऊन होते. म्हून फालतू सॉफ्टवेअर काढून टाकले. अकरा. तरी हळूच. म्हंजे मंग रजिस्ट्रीच असंल ना. सॉफ्टवेअर गेलं तरी त्याच्या नोंदी आत राहतेत, कचरा होते, कॉम्प्युटर जड होते. मी साफ करायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यानं लाल अक्षरात दाखवलं, बाराशे चुका. आज दुपारी त्या काढनार होतो, अन् नाईच जमलं तं उद्या सगळं फॉरमॅट."

"अंकुश," मी म्हटलं, "ज्याला साबण विकायचाय तो तुझं अंग मळकं आहे असंच सांगणार."

तो हिरमुसला. मग मी जरा नीट सांगितलं. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची मोठी यादी. कोणतं सॉफ्टवेअर आहे, ते कुठं ठेवलंय, त्याचा मालक कोण. सॉफ्टवेअर काढलं तरी काही ओळी मागं राहतात, हे खरं. पण गावाच्या मतदारयादीत मेलेल्या माणसांची नावं राहून गेली, म्हणून मतदानाची रांग लांबते का? रांगेत जिवंतच उभे राहतात. कॉम्प्युटर त्या यादीत ज्याचं काम आहे त्याच्या ओळीवर सरळ जातो. बाकीच्या ओळी पडून राहतात, कोणाला काही मागत नाहीत.

"पन सगळे म्हणतेत."

"मी मोजलंय. असंच एक गिऱ्हाईक वाद घालत होतं, म्हणून माझ्या जुन्या मशीनमधल्या साडेनऊशे जुन्या नोंदी काढल्या. काढायच्या आधी चालू व्हायला बावन्न सेकंद. काढल्यावर एकदा एक्कावन्न, एकदा त्रेपन्न. झालं समाधान?"

मी पुढचं विचारलं. "कॉम्प्युटर हळू कधीपासून झाला?"

"दिवाळीपासून."

"आणि सॉफ्टवेअर कधी काढले?"

"हे काय, होळीच्या आधी."

"मग जे होळीला काढलं, त्याच्या मागं राहिलेल्या नोंदींनी दिवाळीला कसं काय अडवलं?"

त्यानं बोटांवर महिने मोजले. कोलूभाऊंना यातलं किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी पहिल्यांदा अंकुशकडं पाहिलं.

मी सीपीयूला वायर लावली, बटण दाबलं आणि पत्र्याला कान लावला. आतून आवाज आला. टक्. थोडा थांबून पुन्हा, टक्. मी ताबडतोब बंद केलं.

"अंकुश, कचरा नाही, हार्डडिस्क मरायला लागलीये. दिवाळीपासून मरतेय ती. किती वेळ चालेल सांगता येत नाही. तासभर, नाही तर पाच मिनिटं."

"मंग मंगली?" कोलूभाऊंनी विचारलं.

३

माझ्या धंद्यात एक गोष्ट लोकांना पटत नाही. मरणाऱ्या डिस्कवर एखादी वस्तू कुठं आहे हे माहीत नसेल, तर ती शोधतानाच डिस्क मरते. सगळी खोली उपसायला वेळ नसतो. दार उघडायचं, हात घालायचा, वस्तू काढायची. त्यासाठी आधी पत्ता लागतो.

अंकुशनं पत्ता शोधून पाहिला होता. मंगलीचं नाव टाकलं, गाण्याच्या फाईली शोधल्या, काही मिळालं नाही. ते ढोलाच्या चित्राचं सॉफ्टवेअर, नाव त्याचं रेकोरामा, आपल्याच पद्धतीच्या फाईली बनवायचं. नावाऐवजी नुसते आकडे. सॉफ्टवेअर गेल्यावर त्या फाईली कोणाला ओळखूच येणार नव्हत्या.

"काढताना त्यानं रेकॉर्डिंगपण पुसू का असं विचारलं होतं?"

"काहीतरी इचारलं होतं, बाई. मी नाई म्हटलं. का हो म्हटलं. अकरा होते ना."

मी कपाळावर हात मारला. कोलूभाऊ बाकावर बसले होते. चहा दिला होता, तो गार झाला होता. मला राहवलं नाही. "भाऊ, कशाबद्दल बोलायच्या त्या?"

"मोहफुलाबद्दल. कशे येचायचे, कशे वाळवायचे. मले का ठावूक नाई? जलमभर येचले. पन ती सांगे तं नवं वाटे." मग ते म्हणाले, "घरी तिचा फोटो हाय, बाई. पन फोटो बोलत नाई. मले तिचा आवाज इसरत चाल्ला. दर बाजारी जाऊन पुन्हा भरून आनो."

हे ऐकल्यावर प्रिंटरवाल्याला मी फोन करून परवा या म्हणून सांगितलं.

डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि सगळ्यात आधी एकच छोटी फाईल उचलली. अंकुश आज दुपारी जी साफ करणार होता तीच, रजिस्ट्रीची. ती माझ्याकडं आली आणि मी डिस्कचा करंट बंद केला. आता ती यादी निवांत वाचता येणार होती.

रेकोरामा गेलं होतं, पण त्याच्या चौदा ओळी मागं होत्या. एका ओळीत पत्ता होता, रेकॉर्डिंग कोणत्या कप्प्यात ठेवलीत त्याचा. दुसऱ्या एका ओळीत कोणतं रेकॉर्डिंग शेवटचं कधी ऐकलं, त्याच्या तारखा.

"अंकुश, भाऊंना तू कोणतं लावून द्यायचास?"

"सतरा नंबर. नेहमी तेच."

सतरा नंबरपुढं बाजाराचाच दिवस होता. पण बावीस नंबरपुढं वेगळी तारीख होती. सॉफ्टवेअर काढलं त्याच्या बरोबर दोन दिवस आधीची, रविवार, दुपारचे सव्वादोन.

कोलूभाऊंशिवाय आणखी कोणीतरी मंगलीला ऐकत होतं.

४

आधी काम. डिस्क पुन्हा जोडली, सरळ त्या कप्प्यावर गेले. एकतीस फाईली होत्या. अंकुशनं नशिबानं 'नाही' म्हटलं होतं. मी सतरा उचलली, मग बावीस, मग बाकीच्या. एकोणतीस आल्या. तिसाव्याला डिस्कनं लांब टक्‌टक् केलं आणि कायमची गप्प झाली. ग्रामसभेचे कागद अंकुशच्या पेनड्राइव्हवर होते, त्यामुळं गावाचं काही बुडालं नाही.

"सापडल्या," मी म्हटलं. "दोन गेल्या, बाकी आहेत. ऐकायला थोडं काम करावं लागेल. उद्या मी गावात घेऊन येते."

कोलूभाऊंनी दोन्ही हात जोडले. मला ते आवडत नाही, मी प्रिंटरकडं वळले. जाताना दारातून ते म्हणाले, "अन् कोनं काढलं, तेबी सांगा. माह्या घरातली बाई होती ती."

अंकुश मागं रेंगाळला. मी त्याला पकडलं. "रविवारी ऑफिसात कोण असतं?"

"कोनीच नाई. मी तं रविवारी नागभीडले जातो. बायको बाळंतपणाले माहेरी हाय. दोन महिन्यांत एकबी रविवार चुकला नाई, सासऱ्याले इचारा."

"कॉम्प्युटर कोणाला चालवता येतो? पासवर्ड कोणाकडं आहे?"

"माह्याकडे. अन् करिश्माकडे. सुकलूभाऊ अध्यक्ष हायेत, पन त्यायले बटनबी सापडत नाई."

"करिश्माला विचारलंस, ढोल गेला म्हणून?"

"इचारलं ना. म्हणे, बरं झालं गेलं. आईचा जीव जाऊन दोन वर्षं झाली, बाबाचं तिथी जाऊन बसनं अजून थांबत नाई, असं बोल्ली." तो घुटमळला. "बाई, पन मी माह्या मनानं नाई काढलं. आमच्या गावात तसं होतच नाई. ग्रामसभेत ठराव झाला. एकेक नाव वाचलं, हे कोनाच्या कामाचं हाय का असं इचारलं. एकजनबी नाई म्हटला असता तं ठेवलं असतं. आमच्या इथी सगळ्यायनं हो म्हटल्याबिगर काहीच होत नाई."

"कोलूभाऊ होते त्या सभेत?"

अंकुशनं मान खाली घातली. "पयल्या रांगेत. अंगठा हाय त्यायचा ठरावावर. मी रेकोरामा प्रो असं वाचलं ना, बाई. मामाले फक्त ढोल ठावूक."

तो गेल्यावर मी त्या चौदा ओळी पुन्हा वाचल्या. आधी घाईत एक सुटली होती. सॉफ्टवेअर कोणाच्या नावानं टाकलं, त्याची. तिथं करिश्मा मडावी असं लिहिलेलं होतं.

ते वाचून मला आनंद झाला नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर लॅपटॉप बांधून गेले. ऑफिसापुढच्या चिंचेखाली पंधरावीस माणसं आधीच बसली होती. डब्बा चोरीला गेला म्हणून सभाच बोलावली होती. सुकलूभाऊ, म्हणजे अध्यक्ष, उंच आणि शांत माणूस. पोलिसात जायची भाषा त्यांनी केलीच नव्हती, ती अंकुशच्या पदरची होती.

करिश्मा बाजूला उभी होती. सत्ताविशीची, हातात अंगणवाडीचं हजेरीबुक. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नंतर पाहिलं नाही.

"सांगा, बाई," कोलूभाऊ म्हणाले. "कोनं काढलं?"

मला उत्तर माहीत होतं. मनात ओळीनं मांडलेलं होतं. सभेत सगळ्यांनी हो म्हटलं, पण न कळता. रेकोरामा म्हणजे काय हे त्या दिवशी तिथं बसलेल्यांपैकी फक्त एका माणसाला ठाऊक असणार, ज्यानं ते टाकलं त्याला. अंकुश त्यानंतर वर्षभरानं कामाला लागला, त्याला ते अकरांपैकी एक नाव होतं, ढोलावर टक केलं की नाव वाचायची गरजच काय. आणि रविवारी दुपारी ऑफिस उघडून बावीस नंबर लावू शकेल असंही एकच माणूस होतं. दोन्ही बोटं एकीकडंच जात होती. पण मला फक्त 'कोण' कळलं होतं. जिला आईचा आवाज हवा होता तीच तो जाऊ देते, हे काही केल्या जुळत नव्हतं. आणि बापाला पोरीचं नाव भर सभेत सांगायचं, हे माझ्या तोंडून निघेना.

"सुकलूभाऊ, ठरावाची वही दाखवा," मी म्हटलं.

वही आली. त्यांनी नावं वाचली, अकराच्या अकरा, आणि मग खालचे अंगठे आणि सह्या. कोलूभाऊ वाकून पाहत होते. चौथा अंगठा त्यांचा होता. अंकुशनं हळू आवाजात सांगितलं, रेकोरामा म्हणजेच ढोल.

कोलूभाऊंनी आपला अंगठा डोळ्यापुढं धरला. बराच वेळ पाहिला. "म्हंजे मीच," ते म्हणाले. "मीच माह्या हातानं काढून टाकली तिले."

मी गप्प राहिले. मला वाटतं, अठरा वर्षांत इतकं गप्प राहणं मला कधी जमलं नव्हतं.

"बाबा." करिश्माच्या हातातलं हजेरीबुक खाली पडलं होतं. "तुमचा अंगठा न समजता होता. माही सही समजून होती."

६

सुकलूभाऊंनी हात केला आणि माणसं निमूट उठून गेली. मीही उठत होते, पण करिश्मा म्हणाली, "बाई, तुम्ही ऱ्हा. तुमाले ठावूकच हाय."

कोलूभाऊ मातीकडं बघत बसले होते. "काऊन, पोरी?"

"तुम्ही दर बाजारी तिथी जात. घरी आले का दोन दिवस बोलत नव्हते. आईशी सगळं बोलून आल्यावानी. माह्यासाठी काहीच उरत नव्हतं." "मी भाकर वाढो, तुम्ही भिंतीकडे पाहत खात. आई गेली तं मले वाटलं बाप तरी हाय. तुम्हीबी तिच्याच मागं गेले."

"तुले तिची याद येत नाई, असं मले वाटे. तू कधी नाव घेत नव्हती."

"मी रविवारी जात होती, बाबा. अंगणवाडीची चाबी न्यायचं सांगून. अंकुश गावात नसला का. मले ते सुटत नव्हतं. सभेत नाव वाचलं तं मले वाटलं, गप बसलं का दोघंबी सुटू. एकदाचे घरी राहू." तिनं पदरानं नाक पुसलं. "घरी आल्याआल्याच समजलं का आपन का केलं. पन सांगू कशी?"

दोन वर्षं एका घरात ही दोघं एकाच बाईसाठी झुरत होती, आणि एकमेकांपासून लपवून. मला रडायला येतं तेव्हा मी चिडते. मी लॅपटॉपची चेन जरा जोरातच उघडली.

"तू कोनतं ऐके?" कोलूभाऊंनी विचारलं.

"बावीस."

"बावीस म्हंजे?"

"बावीस नंबरचं. आईचे एकतीस हायेत ना."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "एकतीस? अंकुश तं एकच लावे."

"तुम्ही दुसरं मागितलं नसंल."

"मले वाटलं तेवढंच हाय," ते म्हणाले.

मी सांगितलं की त्यातली दोन गेली, एकोणतीस आहेत. त्यांनी एकोणतीस हा आकडा दोनदा स्वतःशी म्हटला. मग म्हणाले, "हे जे ऐकते, ते लावा."

मी लावलं. आधी खरखर, मग बाईचा आवाज. जाड, घाई नसलेला, मध्येच स्वतःशी हसणारा. मला गोंडी येत नाही. करिश्मा कानाशी सांगत होती, पावसातल्या सात्यांचं, म्हणजे अळंब्यांचं चाललंय, कोणत्या खायच्या आणि कोणत्या नाही. हे एकच घरी मोबाईलवर घेऊन नंतर कॉम्प्युटरात टाकलेलं होतं, त्या दिवशी ऑफिसात वीज नव्हती. मागं कोंबड्यांचा आवाज होता, भांड्याचा होता. कोलूभाऊ डोळे मिटून बसले होते.

साडेतीन मिनिटांनी मंगली बोलता बोलता थांबली आणि दाराकडं तोंड करून मोठ्यानं काहीतरी म्हणाली.

करिश्माचा हात बटणाकडं गेला. "मी इथीच बंद करतो, बाई. ती बाबाले आवाज देते, आभाळ आलं, जळतण आत घ्या म्हणून. बाबा मागं गोठ्यात होते, त्यायले ऐकूच गेलं नाई. ती वाट पाहते. पुढं कोनीच बोलत नाई. मले ते ऐकवत नाई."

"राहू दे," मी म्हटलं.

लॅपटॉपमधून नुसत्या कोंबड्यांचा आवाज येत होता. मंगली थांबली होती. चिंचेखाली कोलूभाऊंनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि पडद्याकडं बघून गोंडीत दोन शब्द बोलले.

मी करिश्माकडं पाहिलं.

"घेतो म्हणते," ती म्हणाली.